भांडं एकाचं, कृती दुसऱ्याची : शेगडीवरच्या कॉफीच्या भांड्यांची नावं आणि वापर

मोका पॉटमध्ये (वाफेच्या दाबाने पाणी एकदाच पुडीतून वर चढवणारं भांडं) जाड दळलेली कॉफी घातली आणि पाणचट काढा निघाला. पर्कोलेटरमध्ये (पाणी पुन्हा पुन्हा पुडीवर फिरवणारं भांडं) एस्प्रेसोची, म्हणजे यंत्राच्या दाबाने काढायच्या कडक कॉफीची, बारीक पूड घातली आणि कपात गाळच गाळ आला. खोक्यावर ‘एस्प्रेसो’ वाचून मोकातली पूड चमच्याने ठासून दाबली आणि व्हॉल्व्ह फुसफुसू लागला. तिन्ही ठिकाणी कृती चुकीची नव्हती, ती दुसऱ्या भांड्याची होती. शेगडीवर ठेवायच्या कॉफीच्या भांड्यांच्या नावांची इतकी सरमिसळ झाली आहे की एकाच शब्दाने तीन वेगवेगळ्या वस्तू दाखवल्या जातात. तेव्हा खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. पाणी कुठून कुठे जातं ते बघा. नाव त्यावरून ठरतं, आणि दळण, माप, आच, वेळ हे सगळं नावावरून.

## टप्पा 1 : भांडं गार असताना पूर्ण सुटं करा

स्वच्छ फडक्यावर प्रत्येक भाग वेगळा मांडा: तळ, नळी, जाळी, चाळणीसारखी डबी, रबरी रिंग, झाकण. वापरलेलं भांडं असेल तर आधी धुऊन घ्या, कारण जुना चोथा साचला की जाळी कुठे संपते आणि रिंग कुठे सुरू होते तेही कळत नाही. एखादा भाग हरवला असण्याची शक्यता धरून चाला. डबी नसलेला पर्कोलेटर साध्या किटलीसारखा दिसतो, आणि लोक त्यात चहा करत राहतात.

सावधान: आट्यांनी बंद होणारं भांडं गरम असताना कधीही उघडू नका. आतला दाब डोळ्यांना दिसत नाही.

## टप्पा 2 : पाण्याची वाट शोधा

पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा. पहिलं ‘हो’ आलं की थांबा.

1. आत गाळायची काहीच सोय नाही, आणि भांडं लहान, मानेशी निमुळतं, लांब दांड्याचं आहे? पाणी कुठेच जात नाही, पूड त्यातच राहते. हे जेझ्वे.
2. दोन भाग आट्यांनी एकमेकांत बसतात आणि खालच्या भागाच्या अंगाला छोटा पितळी किंवा स्टीलचा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब वाढला तर वाफ सोडणारी झडप) आहे? पाणी एकदाच वर जातं आणि वरच राहतं. हा मोका पॉट.
3. एकाच मोठ्या भांड्यात मधोमध उभी नळी आणि तिच्या वरच्या टोकाला भोकांची डबी आहे? पाणी पुन्हा पुन्हा वर चढून खाली गळतं. हा पर्कोलेटर. झाकणावर बहुधा काचेची गुंडी असते.
4. दोन डबे, मध्ये पुडीची डबी, नळी कुठेच नाही, एका डब्याच्या काठाजवळ सुईएवढं भोक, आणि तोटी उलटी? पाणी फक्त खाली उतरतं, तेही भांडं उलटं केल्यावर. ही नापोलेताना.
5. दोन गोल भांडी, बहुधा काचेची, आणि वरच्याची नळी खालच्याच्या तळाजवळ पोचते? पाणी वर जातं आणि कॉफी होऊन परत खाली येतं. हा सायफन.

तपासणी: दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नात सगळ्यात जास्त गफलत होते, कारण नळी दोन्हीकडे आहे. मोकात खालची नळी नरसाळ्याच्या बुडाला जोडलेली असते आणि पूड त्या नरसाळ्यात, म्हणजे भांड्याच्या मध्यावर बसते. पर्कोलेटरमध्ये पूड अगदी वर, झाकणाखाली असते. पूड कुठे बसते हे कळलं की वाद मिटला.

## टप्पा 3 : नाव पक्कं करा आणि फसवी नावं ओळखा

मोका. इटलीत याला नुसतं ‘मोका’, ‘माकिनेत्ता’ किंवा ‘काफेत्तिएरा’ म्हणतात, स्पॅनिशमध्ये ‘काफेतेरा इतालियाना’, जर्मनमध्ये ‘एस्प्रेसोकोखर’. इंग्रजी खोक्यांवर ‘स्टोव्हटॉप एस्प्रेसो मेकर’ असतं, आणि घोटाळा तिथेच होतो. एस्प्रेसो यंत्रात साधारण 9 बार (बार हे दाबाचं एकक) दाब असतो, मोकात जेमतेम 1 ते 2 बार. कॉफी कडक निघते, पण एस्प्रेसो निघत नाही. एस्प्रेसोचे नियम, म्हणजे अतिबारीक दळण आणि ठासून दाबणं, इथे लावले की पाण्याला वाटच उरत नाही. ‘मोचा’ हा शब्दही टाळा. दोन्ही शब्द येमेनच्या मोखा बंदरावरूनच आले, पण ‘मोचा’ म्हटलं की आता चॉकलेट घातलेलं पेय समजलं जातं.

पर्कोलेटर. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘गाळणं, झिरपवणं’. त्या हिशेबाने कुठल्याही गाळणाऱ्या भांड्याला हे नाव शोभेल, आणि लोक ते खुशाल देतातही, मोकालासुद्धा. तुम्ही मात्र हा शब्द फिरत्या पाण्याच्या भांड्यापुरताच ठेवा.

काफेत्तिएरा, काफेतिएर, काफेतेरा. सख्ख्या बहिणी, पण घरं वेगळी. फ्रेंचमध्ये ‘काफेतिएर’ म्हणजे कॉफीचं कुठलंही भांडं. तोच शब्द ब्रिटनमध्ये गेला आणि दट्ट्याच्या काचेच्या भांड्याला, म्हणजे फ्रेंच प्रेसला चिकटला. ब्रिटिश पाककृतीत ‘काफेतिएर’ दिसलं तर ते भांडं शेगडीवर ठेवायचंच नाही. काच तडकेल.

जेझ्वे, इब्रिक, ब्रिकी. लांब दांड्याच्या भांड्याला तुर्की शब्द ‘जेझ्वे’, ग्रीक शब्द ‘ब्रिकी’. इंग्रजीत त्यालाच ‘इब्रिक’ म्हणतात, पण तुर्कीत इब्रिक म्हणजे तोटीची सुरई. वस्तू मागवताना चित्र बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ब्रिक्का आणि ब्रिकी. एका अक्षराचा फरक, पण वस्तू दोन टोकांच्या. ‘ब्रिक्का’ हा बियालेत्ती कंपनीचा मोकाचाच प्रकार: वर वजनाचा व्हॉल्व्ह असतो, दाब थोडा जास्त साठतो आणि कॉफीवर फेस येतो. त्यात पाणी सेफ्टी व्हॉल्व्ह बघून भरायचं नसतं, त्या नमुन्याच्या सूचनेत दिलेलं मापच घ्यायचं. त्याच कंपनीचा ‘मुक्का’ दुधाचा. साध्या मोकात दूध घालून ‘मुक्का’ करायला जाऊ नका, नळीत दूध करपतं आणि व्हॉल्व्ह चिकटून बसतो.

सायफनला ‘व्हॅक्यूम पॉट’ही म्हणतात. नापोलेतानाचं दुसरं नाव ‘कुकुमेल्ला’, इंग्रजीत ‘फ्लिप पॉट’. यांच्या नावांत फारसा गोंधळ नाही.

## टप्पा 4 : ‘कप’ म्हणजे किती ते मोजा

‘6 कपांचं’ म्हणून घेतलेल्या मोकातून दोनच मग भरतात, ही तक्रार नेहमीची. मोकाचा कप सुमारे 50 मिलीचा, छोट्या पेल्याचा. पर्कोलेटरवरचा कप साधारण 150 मिलीचा. रोजचा मग 200 ते 250 मिलीचा. तिन्ही मापं ‘कप’ याच नावाने फिरतात.

खोक्यावरचा आकडा विसरा आणि हे करा:

1. मोका असेल तर खालच्या भागात सेफ्टी व्हॉल्व्हच्या जरा खालीपर्यंत पाणी भरा. ते मोजपात्रात ओता. 3 कपांच्या भांड्यात हे साधारण 150 मिलीच्या आसपास येतं.
2. नरसाळं कॉफीने काठोकाठ भरा, न दाबता सपाट करा आणि वजन करा. 3 कपांना 15 ते 17 ग्रॅम लागतात.
3. दोन्ही आकडे भांड्याच्या तळाशी खोडून न जाणाऱ्या पेनाने नको, तर कॉफीच्या डब्याच्या झाकणावर चिकटपट्टी लावून लिहा.

सावधान: मोका अर्धा भरून अर्धी कॉफी होत नाही. पाणी कमी म्हणजे हवा जास्त. पाणी वर जायला लागतं तेव्हा तापमान आणि प्रवाह दोन्ही बिघडतात. एकासाठी 1 कपाचा वेगळा घ्यावा लागतो. पर्कोलेटर मात्र अर्धा चालतो.

## टप्पा 5 : मोका, क्रमाने

चुकांचा मोठा वाटा याच भांड्यात असल्यामुळे इथे सावकाश जाऊ. नवीन ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर आधी दोन-तीन वेळा कॉफी करून फेकून द्या.

1. रिंग आणि जाळी बघा. वरच्या भागाच्या बुडाशी रबरी किंवा सिलिकॉनची रिंग आणि तिच्यात बसलेली गोल जाळी असते. रिंग कडक, चिरलेली किंवा एका बाजूला दबलेली असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.
2. पाणी आधी तापवून घ्या. किटलीतलं गरम पाणी खालच्या भागात व्हॉल्व्हच्या खालीपर्यंत भरा. गार पाण्यानेही कॉफी होते, पण ते तापेपर्यंत पूडही धातूसोबत तापत राहते आणि कडवट होते. व्हॉल्व्ह पाण्यात बुडवू नका. तो वाफेसाठी आहे.
3. दळण. बारीक मिठासारखं. एस्प्रेसोपेक्षा जाड, ठिबक फिल्टरपेक्षा बारीक. बोटांत चोळल्यावर कण जाणवायला हवेत.
4. नरसाळं भरा, दाबू नका. काठोकाठ भरून बोटाने सपाट करा. मग काठावर सांडलेले कण पुसा. हे पुसणं लोक वगळतात, आणि नेमके तेच कण रिंगखाली अडकून वाफ बाजूने निसटते.
5. आटे लावा. गरम खालचा भाग फडक्यात धरा, वरचा भाग अंगाने धरून फिरवा. मुठीला धरून पिळलं तर मूठ मोडते. आज नाही तर महिन्याने.
6. आच. मंद ते मध्यम. ज्योत तळाच्या काठाबाहेर येता कामा नये आणि मूठ ज्योतीच्या कक्षेबाहेर हवी. भांडं जाळीवर डगमगत असेल तर वर छोटी जाळी ठेवा.
7. झाकण उघडं ठेवून बघत राहा. कॉफी वरच्या दांडीतून मधासारखी संथ उतरली पाहिजे. उडत असेल तर आच जास्त आहे.
8. वेळेवर उतरवा. धार आधी गडद, मग सोनेरी, मग फिकट होते. फिकट व्हायला लागली की लगेच उतरवा आणि तळ नळाखाली किंवा ओल्या फडक्यावर टेकवा, म्हणजे प्रवाह थांबतो. गुरगुर ऐकू येईपर्यंत थांबलात तर वाफच चोथ्यातून जातेय, आणि कडूपणाचा बराचसा भाग तिचाच.
9. ढवळा, मग ओता. आधी आलेली कॉफी दाट आणि नंतरची पातळ असते. न ढवळता ओतलं तर पहिल्या पेल्यात कडक आणि शेवटच्यात पाणी.

तपासणी: तळाशी थोडं पाणी उरलं तर घाबरू नका, नळीचं टोक तळाला टेकत नसल्याने तेवढं राहणारच. अर्धं पाणी उरलं तर मात्र कारण शोधा.

बिघाड ओळखायचे तर असे. आट्यांच्या जागेतून वाफ किंवा थेंब येताहेत, तर रिंग, काठावरचे कण किंवा सैल आटे, याच क्रमाने तपासा. व्हॉल्व्हमधून वाफ येतेय म्हणजे आत वाट तुंबली आहे: पूड फार बारीक, दाबलेली, किंवा जाळीची भोकं बंद. आच ताबडतोब बंद करा, भांडं पूर्ण गार होऊ द्या, मग उघडा. व्हॉल्व्हमधला दांडा हलत नसेल तर तो क्षाराने चिकटला आहे. तो काढून स्वच्छ होईपर्यंत भांडं वापरू नका. कॉफी पाणचट असेल तर नरसाळं अर्धवट भरलं जातंय किंवा दळण जाड आहे.

धुताना ॲल्युमिनियमचं भांडं डिशवॉशरमध्ये किंवा सोड्यात टाकू नका, काळं पडतं. ‘साबण लावूच नये, आतला थर जपावा’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो. आमच्या मते तो थर म्हणजे खवट झालेलं कॉफीचं तेल आहे. थोडा सौम्य साबण, भरपूर पाणी, आणि सगळे भाग सुटे ठेवूनच वाळवणं. बंद करून ठेवलेल्या ओल्या मोकाचा वास दुसऱ्या दिवशी सगळं सांगतो.

## टप्पा 6 : पर्कोलेटर

1. गार पाणी भरा. पातळी डबीच्या बुडाखालीच राहिली पाहिजे, नाहीतर पूड सतत भिजत राहते.
2. नळीचा पसरट पाय तळाला नीट टेकलाय का बघा. तिरका बसला तर पाणी वर चढत नाही आणि दोष विनाकारण शेगडीला जातो.
3. कॉफी जाड, खडबडीत मिठाच्या खड्यांएवढी. 1 लिटरला 55 ते 60 ग्रॅम. डबीवर वेगळी झाकणी असेल तर ती बसवा. पाणी सगळीकडे सारखं पसरवणं हे तिचं काम.
4. मध्यम आचेवर ठेवा. काचेच्या गुंडीत पहिला उसळा दिसला की आच लगेच कमी करा. दोन-तीन सेकंदांना एक उसळा पुरे.
5. तिथून 6 ते 8 मिनिटं मोजा, उतरवा, डबी आणि नळी बाहेर काढा, मग ओता.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे खळखळ उकळू देणं. इथे तयार कॉफीच पुन्हा पुडीवर पडत असते, त्यामुळे जास्तीचं प्रत्येक मिनिट कडूपणात जातं. डबी आतच ठेवली तर वाफेने चोथा गळत राहतो, ही दुसरी.

## टप्पा 7 : उरलेली तीन

जेझ्वे. दळण पिठासारखं, सगळ्यांत बारीक. एका कपाला साधारण 65 मिली पाणी आणि 7 ग्रॅम कॉफी. साखर हवी तर सुरुवातीलाच. गार पाण्यात सगळं एकदा ढवळून मंद आचेवर ठेवा आणि नंतर चमचा लावू नका, फेस मोडतो. फेस मानेपर्यंत चढला की उकळी फुटायच्या आत उतरवा. ओतल्यावर गाळ बसायला दोन मिनिटं द्या. मोठ्या जेझ्वेत एकच कप करायला गेलात तर पाणी मानेपर्यंत पोचतच नाही आणि फेस धरत नाही. भांड्याचा आकार कपांवरूनच ठरवा.

नापोलेताना. भोक असलेल्या डब्यात भोकाच्या खालीपर्यंत पाणी, डबीत मध्यम ते जाड पूड, वर तोटीचा डबा उलटा. दोन्ही मुठी एका रेषेत आणा. भोकातून वाफ किंवा थेंब आले की आच बंद करा, दोन्ही मुठी एकत्र घट्ट धरून बेसिनवर एका झटक्यात उलटं करा. पाणी 5 ते 10 मिनिटांत झिरपतं. त्याहून लवकर उतरलं तर दळण जाड आहे. उलटं केल्यावर पुन्हा शेगडीवर ठेवू नका. खालच्या डब्यात आता कॉफी आहे.

सायफन. खालचा गोळा बाहेरून कोरडा करा, थेंब असलेली काच आचेवर तडकू शकते. 300 मिली पाण्याला 18 ते 20 ग्रॅम मध्यम दळलेली कॉफी. गाळणीची साखळी नळीतून ओढून तिचा आकडा काठाला अडकवा. पाणी तापेपर्यंत वरचं भांडं तिरपं टेकवा, मग सरळ बसवा. पाणी वर चढल्यावर कॉफी घालून ढवळा, मिनिटभर थांबा, आच बंद करा. कॉफी स्वतः खाली उतरते. उतरली नाही तर रबराची बैठक सैल आहे किंवा गाळणी तुंबली आहे.

सावधान: काचेचा सायफन थेट गॅसवर ठेवायचा की नाही हे त्या नमुन्याच्या सूचनेवरच ठरतं. बरेच नमुने फक्त छोट्या दिव्यावर चालतात. खालचा गोळा रिकामा असताना आच कधीच नाही.

## टप्पा 8 : शेगडी आणि सुटे भाग

इंडक्शनवर ठेवण्याआधी तळाला चुंबक लावून बघा. चिकटला नाही तर भांडं तापणार नाही. ॲल्युमिनियमचा मोका आणि तांब्याचं जेझ्वे यातच येतात. मध्ये लोखंडी चकती ठेवता येते, पण चकती उशिरा तापते आणि उशिरा निवते, म्हणून मोका धार फिकट व्हायच्या थोडा आधीच उतरवावा लागतो. चुंबक चिकटूनही शेगडी सुरू झाली नाही तर तळ फार लहान आहे, तिथेही हीच चकती कामी येते.

रिंग मागवताना ‘मोकाची रिंग, 3 कप’ एवढं पुरत नाही. कपांचा आकडा तोच असला तरी ॲल्युमिनियमच्या आणि स्टीलच्या नमुन्यांच्या रिंगा वेगळ्या मापाच्या असतात. कंपनी, नमुना, धातू आणि कप हे चारही सांगा, शिवाय जुनी रिंग काढून तिचा बाहेरचा आणि आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजा. काढताना जाळी वाकवू नका: रिंगखाली लाकडी काडी सरकवून चहूबाजूंनी थोडी थोडी उचलली की दोन्ही सुटून येतात. नवी रिंग बसवल्यावर पहिल्यांदा कॉफी न घालता नुसतं पाणी चढवून बघा. आट्यांशी एकही थेंब दिसला नाही तर रिंग नीट बसली.